नॅनो-आयआर स्कॅनचा वेग वाढवला की सिग्नल का मरतो, आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

एस-एसएनओएम किंवा नॅनो-एफटीआयआर यंत्रावर (धातूच्या टोकदार सुईने, म्हणजे टिपने, नॅनोमीटरच्या पातळीवर इन्फ्रारेड चित्र आणि स्पेक्ट्रम घेणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. काल सोन्यावर सिग्नल छान होता, आज तोच सॅम्पल जरा भराभर स्कॅन करायला घेतला तर चित्रात पट्टे येतात, तिसरा हार्मोनिक (टिपच्या कंपनाच्या तिप्पट वारंवारितेवर वाचलेला सिग्नल) नॉइजमध्ये बुडतो आणि स्पेक्ट्रममध्ये नको ते पीक दिसायला लागतात. आमच्या लॅबमध्ये हे यंत्र मी सांभाळते, आणि हीच अडचण घेऊन येणारे विद्यार्थी मला वर्षभर भेटतात. बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधी एक गोष्ट केलेली असते, ती म्हणजे आरशांचे स्क्रू फिरवलेले असतात. तिथून पुढे मूळ दोष कोणता आणि नंतर घातलेला कोणता, हे वेगळं काढण्यातच दिवस जातो.

म्हणून पहिली विनंती: खालच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत एकाही आरशाला हात लावू नका. दोष बहुधा वेळेच्या हिशोबात, टिपमध्ये किंवा हवेत निघतो. लेसर आणि अलाइनमेंटचा नंबर फार उशिरा लागतो.

मी धरून चालले आहे की तुमच्याकडे धातूचा मुलामा असलेली, टॅपिंग मोडमध्ये, म्हणजे वर-खाली हलत सॅम्पलला हलकेच टेकत, चालणारी टिप आहे, क्वांटम कॅस्केड लेसर (एका वेळी एकच इन्फ्रारेड तरंगलांबी देणारा) किंवा ब्रॉडबँड (एकदम रुंद पट्टा देणारा) स्रोत आहे, आणि द्रव नायट्रोजनने थंड होणारा एमसीटी (मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइडचा इन्फ्रारेड) डिटेक्टर आहे. एएफएम-आयआर (विखुरलेल्या प्रकाशाऐवजी सॅम्पलचं फुगणं मोजणारी पद्धत) वापरणाऱ्यांसाठी मध्ये एक वेगळा परिच्छेद आहे.

लक्षणं

आपलं लक्षण यात कुठे बसतं ते आधी बघा, कारण त्यावरून कोणती तपासणी मन लावून करायची ते ठरतं.

दुसऱ्या हार्मोनिकमध्ये चित्र दिसतं, तिसऱ्या-चौथ्यात काहीच नाही. किंवा चित्र येतं, पण ते उंचीच्या चित्राची हुबेहूब नक्कल वाटतं; जिथे उंचवटा तिथे उजेड, मग पदार्थ कोणताही असो.

स्कॅनच्या सुरुवातीच्या ओळी उजळ आणि शेवटच्या अंधुक.

वेग वाढवला की आडवे पट्टे येतात, आणि जाताना घेतलेलं चित्र येतानाच्या चित्राशी जुळत नाही. वेग कमी केला की पट्टे जातात.

कुठल्याही जागी, अगदी स्वच्छ सोन्यावरसुद्धा, १२६० प्रति सेंमी तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरात बसणाऱ्या प्रकाशलाटांच्या संख्येच्या) आसपास एक टोकदार पीक आणि १०२० ते ११०० च्या पट्ट्यात रुंद फुगवटा.

१४०० ते १९०० प्रति सेंमी या भागात केसासारख्या बारीक रेषा, ज्या सकाळी कमी आणि दुपारी जास्त असतात.

लांबलचक हायपरस्पेक्ट्रल (प्रत्येक पिक्सेलला पूर्ण स्पेक्ट्रम घेणाऱ्या) मोजणीत पहिल्या ओळीचा आणि शेवटच्या ओळीचा स्पेक्ट्रम एकाच पदार्थाचा असूनही वेगळा दिसणं.

आधी थोडं कारण

पीएमएमए या पॉलिमरचा कार्बोनिल पीक १७३० प्रति सेंमीला येतो, म्हणजे सुमारे ५.८ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. आपल्याला दिसायला हवं असतं २० नॅनोमीटरचं. विवर्तनामुळे भिंगाने हे शक्य नाही, म्हणून टिपच्या टोकाशी प्रकाश गोळा करायचा आणि तिथून विखुरलेला भाग मोजायचा. अडचण अशी की लेसरचा ठिपका काही मायक्रोमीटरचा असतो आणि टिपचा दांडा, कॅन्टिलिव्हर, सॅम्पलचा पृष्ठभाग हे सगळेच प्रकाश विखुरतात. टोकाखालचा आपल्या कामाचा भाग या ढिगाऱ्यात नगण्य असतो.

तो वेगळा काढायला टिप २५० ते ३५० किलोहर्ट्झला हलवतात आणि डिटेक्टरचा सिग्नल त्या वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट पटीवर वाचतात. पार्श्वभूमीचा प्रकाश टिपच्या हालचालीबरोबर हळू बदलतो, तर टोकाखालचा भाग सॅम्पलजवळ एकदम उसळतो. त्यामुळे वरच्या हार्मोनिकमध्ये पार्श्वभूमी गळून पडते. तरीही उरतो तो पार्श्वभूमीशी झालेला गुणाकार. तो घालवायला २००६ साली ओसेलिक, ह्यूबर आणि हिलेनब्रांड यांनी स्यूडो-हेटरोडाइन पद्धत मांडली. प्रकाश दोन भुजांत वाटून पुन्हा मिसळणाऱ्या इंटरफेरोमीटरमध्ये संदर्भ भुजेतला आरसा साधारण ३०० हर्ट्झला हलवायचा आणि हार्मोनिकच्या दोन्ही बाजूंना उमटणाऱ्या साइडबँडवरून (जोड-वारंवारितांवरून) तीव्रता आणि फेज (लाटेची कला) दोन्ही काढायचे. हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा, वेगाचा जवळजवळ सगळा प्रश्न तिथेच अडकलेला आहे.

१. वेळेचा हिशोब. खर्च शून्य, हत्यार कागद-पेन्सिल.

आरसा ३०० हर्ट्झला हलतो म्हणजे एक फेरी ३.३ मिलिसेकंदांची. साइडबँड एकमेकांपासून ३०० हर्ट्झवर असतात, ते वेगळे ओळखायला लॉक-इनला (ठरावीक वारंवारितेचा सिग्नल निवडून काढणाऱ्या उपकरणाला) निदान काही फेऱ्या बघाव्या लागतात. एका पिक्सेलला १० मिलिसेकंद ही मी खालची मर्यादा धरते.

आता २५६ गुणिले २५६ चं चित्र घ्या. एका ओळीला २५६ पिक्सेल, म्हणजे २.५६ सेकंद जाताना आणि तेवढेच येताना. २५६ ओळींना सुमारे २२ मिनिटं. याहून भराभर हवं म्हणून कुणी सेकंदाला एक ओळ लावली, तर जाण्याच्या अर्ध्या सेकंदात २५६ पिक्सेल बसतात. प्रत्येकाला २ मिलिसेकंदही येत नाहीत. आरशाची एक फेरीही पुरी होत नाही आणि आपण त्यातून फेज मागतोय. झोपाळा अर्धाच हलेपर्यंत पाहून तो केवढा झोका घेतो हे सांगण्यासारखं ते आहे. पट्टे तिथूनच येतात, आणि जातानाचं चित्र येतानाच्या चित्रापेक्षा सरकतं ते लॉक-इनचा प्रतिसाद मागे पडल्यामुळे.

म्हणून पट्टे दिसले की पहिलं काम: पिक्सेलचा वेळ काढा, लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट (सरासरी काढायला तो घेतो तो वेळ) बघा, आणि पिक्सेलचा वेळ त्याच्या निदान दोन-तीन पट आहे का ते तपासा. नसेल तर पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ नाही. वेळ वाढवून स्कॅन घ्या. पट्टे गेले तर तुमच्या यंत्रात दोष नाही. वेग कसा वाढवायचा हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर खाली आहे.

नॉइजचाही हिशोब याच कागदावर करा. वेळ चौपट कमी केला की नॉइज दुप्पट होतो.

२. डिटेक्टर थंड आहे का

पाच मिनिटांचं काम. एमसीटी डिटेक्टर द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशाला चालतो. ड्यूअर, म्हणजे ते द्रव ठेवणारं थर्मासारखं भांडं, एका भरणीत साधारण ८ ते १२ तास टिकतो. "स्कॅन वरून खाली अंधुक होत गेला" या तक्रारीमागे मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं की भरणी सकाळी झाली होती आणि स्कॅन संध्याकाळी लावला.

बघायचं असं: किरण अडवा, डिटेक्टरचा डीसी स्तर आणि नॉइज वाचा, आणि ड्यूअर ताजा भरलेला असतानाच्या नोंदीशी ताडून पाहा. ही नोंद नसेल तर आज करून ठेवा. किरण सोडल्यावर स्तर अगदी वरच्या मर्यादेला टेकत असेल तर डिटेक्टर भरून गेला आहे. तेव्हा लेसरची पॉवर कमी करा. भरून गेलेला डिटेक्टर कमी सिग्नल दाखवतो, म्हणून माणूस पॉवर आणखी वाढवतो आणि गुंता वाढतो.

ओतताना हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल हवी. खोलीचं दार उघडं ठेवा. द्रव नायट्रोजनचा वायू होताना आकारमान सुमारे ७०० पट वाढतं आणि बंद खोलीतला ऑक्सिजन कमी होतो. त्याला वास नाही, कळतही नाही.

ड्यूअरच्या बाहेरच्या अंगाला दव किंवा बर्फ साचत असेल, किंवा एक भरणी तीन-चार तासांत संपत असेल, तर आतली निर्वात पोकळी गेली आहे. इथे थांबा. ती पुन्हा निर्वात करणं हे पंप आणि योग्य जोडणी असलेल्या माणसाचं काम आहे.

३. ॲप्रोच कर्व्ह. या लेखातली सर्वांत महत्त्वाची तपासणी.

आपला सॅम्पल काढा. सिलिकॉनवर सोन्याचा पट्टा असलेला स्वच्छ तुकडा लावा. हा तुकडा प्रत्येक लॅबमध्ये झाकून, वेगळ्या डबीत ठेवलेला असायलाच हवा. सोन्यावर टिप आणा आणि सॅम्पलपासून २०० नॅनोमीटरपर्यंत दूर नेत दुसरा, तिसरा, चौथा हार्मोनिक नोंदवा.

खरा निअर-फील्ड (टोकाखालून येणारा) सिग्नल स्पर्शाजवळ उंच असतो आणि ३० ते ५० नॅनोमीटर वर जाईपर्यंत ढासळतो. हार्मोनिक जितका वरचा, तितकी घसरण तीव्र. दूर गेल्यावर रेषा नॉइजच्या पातळीला टेकली पाहिजे. ती वर कुठेतरी सपाट तरंगत राहिली किंवा हलकी तिरकी चालली, तर तुम्ही पार्श्वभूमी मोजत आहात. मग चित्र कितीही देखणं असलं तरी त्यातलं पदार्थाविषयी काहीही खरं मानू नका. उंचीची नक्कल वाटणारी चित्रं बहुतेक इथलीच.

दुसरा हार्मोनिक तरंगतोय आणि तिसरा व्यवस्थित टेकतोय, असं असेल तर तिसऱ्यावर काम करा, एवढ्यावर भागतं. तिसराही तरंगत असेल तर टॅपिंगचा विस्तार बघा. ६० ते ८० नॅनोमीटर हा माझा नेहमीचा पल्ला. १५० ला नेला तर सिग्नल वाढल्यासारखा वाटतो, पण त्याबरोबर पार्श्वभूमीही वरच्या हार्मोनिकमध्ये चढते. सेटपॉइंट (स्कॅन करताना राखायचा टिपच्या हालचालीचा विस्तार) फार खाली ओढला असेल तर टिप सॅम्पलवर आपटते, तिची हालचाल शुद्ध साइन राहत नाही आणि ही यांत्रिक विकृती प्रकाशाच्या सिग्नलसारखी वेश घेऊन हार्मोनिकमध्ये उतरते. सेटपॉइंट मोकळ्या विस्ताराच्या ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून कर्व्ह पुन्हा घ्या.

आता सोनं आणि सिलिकॉन यांच्या सिग्नलचं गुणोत्तर काढा. सोन्यावर जास्त, सिलिकॉनवर कमी यायला हवं. टिप नवी असताना जे गुणोत्तर आलं होतं ते वहीत असेल, तर पुढची तपासणी अर्धी इथेच झाली.

एएफएम-आयआर वाल्यांसाठी इथे वेगळी वाट आहे. त्या पद्धतीत, जी अलेक्झांडर दाझी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली फ्रान्समध्ये ओर्सेला मांडली, प्रकाश शोषून सॅम्पल क्षणभर फुगतो आणि तो धक्का कॅन्टिलिव्हर मोजतो. लेसरच्या स्पंदनांची वारंवारिता कॅन्टिलिव्हरच्या संपर्क-अनुनादाशी (टिप सॅम्पलला टेकलेली असताना तो ज्या वारंवारितेला सर्वांत जोरात हलतो तिच्याशी) जुळवली की सिग्नल मोठा होतो, पण हा अनुनाद सॅम्पलच्या कडकपणाबरोबर सरकतो. मऊ भागावरून कडक भागावर गेलात आणि वारंवारिता तिथेच राहिली, तर सिग्नल रसायनामुळे नव्हे तर कडकपणामुळे पडतो. वेग वाढवला की अनुनादाच्या मागे धावणारी फेज-लॉक यंत्रणा मागे पडते आणि पदार्थांच्या सीमेवर खोट्या कडा उमटतात. तपासणी सोपी आहे: जिथे पदार्थ प्रकाश शोषतो आणि जिथे शोषत नाही अशा दोन तरंगसंख्यांना तीच जागा स्कॅन करा. दोन्ही चित्रांत तीच कड दिसली तर ती यांत्रिक आहे. शिवाय एकाऐवजी दोन पीकचं गुणोत्तर दाखवायची सवय लावा, त्यात कडकपणाचा परिणाम बराचसा कटतो.

४. टिप

टिप महाग असते, म्हणून लोक ती बदलायला कचरतात. एक अख्खा दिवस वाया घालवण्यापेक्षा टिप स्वस्त पडते हे मी प्रत्येकाला सांगते.

तिची दुखणी दोन. पहिलं झिजणं. कडक सॅम्पलवर किंवा वेगात स्कॅन करताना टोकाचा धातू उडतो. धातू गेला की सिग्नल पडतो, हे सरळ आहे. पण टोक बोथट झालं आणि धातू शाबूत राहिला तर सिग्नल वाढूही शकतो. त्यामुळे नुसता सिग्नल चांगला आहे म्हणून टिप चांगली आहे असं ठरवू नका. एखादी तीक्ष्ण कड स्कॅन करा आणि ती किती नॅनोमीटरमध्ये चढते ते मोजा.

दुसरं दुखणं घाण, आणि यात सर्वांत फसवी घाण सिलिकॉन तेलाची. टिप ज्या डब्यांत येतात त्यांच्या तळाला बहुधा मऊ, चिकट जेलचा थर असतो. त्यातले सिलॉक्सेनचे छोटे रेणू हळूहळू चिपवरून कॅन्टिलिव्हरवर आणि तिथून टोकापर्यंत पसरतात. महिनोन्‌महिने डब्यात पडून राहिलेली टिप लावली की पृष्ठभागावर नसलेला पदार्थ प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये दिसतो: १२६० ला टोकदार पीक, १०२० ते ११०० मध्ये रुंद फुगवटा, आणि तुमचा स्रोत तिथवर जात असेल तर ८०० जवळ आणखी एक.

एकदा एक विद्यार्थिनी पॉलिमरच्या मिश्रणाचे स्पेक्ट्रम घेऊन आली. "मॅडम, दोन्ही पॉलिमरमध्ये नसलेला तिसरा पदार्थ सापडलाय," म्हणाली. आम्ही टिप उचलली, स्वच्छ सोन्यावर नेली, तिथेही तेच पीक. डब्याचं झाकण उघडून तिरक्या उजेडात धरलं तर जेलवर टिपांच्या चिपचे जुने ठसे स्पष्ट दिसत होते. नव्या खोक्यातली टिप लावली, १२६० चं पीक गेलं.

ही तपासणी सोन्यावरच करा. सिलिकॉनवर केलीत तर त्याच्यावरच्या नैसर्गिक ऑक्साइडचा फुगवटाही ११०० ते ११३० च्या आसपास येतो आणि गोंधळ होतो. निवाडा १२६० च्या टोकदार पीकवर करायचा, ते ऑक्साइडमध्ये नसतं. टिप आल्या आल्या जेलच्या डब्यातून काढून, सिलिकॉन नसलेल्या स्वच्छ डबीत ठेवा. सॅम्पलही जेलच्या डब्यांत ठेवू नका. पातळ थर आणि द्विमितीय पदार्थांवर हेच तेल बसतं आणि तिथे टिप बदलून उपयोग होत नाही.

५. हवा

१४०० ते १९०० प्रति सेंमी हा भाग पाण्याच्या वाफेच्या रेषांनी भरलेला आहे, आणि नेमक्या तिथेच कार्बोनिल, आणि प्रथिनांचे अमाइड एक आणि अमाइड दोन हे पीक येतात. २३५० च्या आसपासची जोडी कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे बहुतेक आपल्याच श्वासाची.

संदर्भ स्पेक्ट्रम सोन्यावर घेऊन सॅम्पलच्या स्पेक्ट्रमला त्याने भागलं की वाफ कटते, असं पुस्तकात असतं. ते खरं आहे, पण दोन्ही वेळी आर्द्रता तीच असेल तरच. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये, दार दोनदा उघडलं तरी आर्द्रता बदलते. म्हणून यंत्राच्या आवरणात कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडा, आत एक स्वस्त आर्द्रतामापक कायम ठेवा, आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय मोजणी सुरू करू नका. आकडा किती खाली आहे यापेक्षा तो हलत नाही ना, हे जास्त महत्त्वाचं. झाकण उघडून सॅम्पल बदलला की पुन्हा थांबा.

लांब मोजणीत संदर्भ एकदाच घेऊन चालत नाही. सॅम्पल, संदर्भ, सॅम्पल, संदर्भ असा क्रम ठेवा. वेळ जास्त लागतो, पण पुन्हा सगळं घेण्यापेक्षा कमीच.

६. तापमान

एसीचा झोत थेट यंत्रावर येत असेल तर झोत वळवा. खर्च काहीच नाही. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढतं. ३० सेंमीचा भाग एका अंशाने तापला तर ७ मायक्रोमीटर. आपली तरंगलांबी ६ मायक्रोमीटर. इंटरफेरोमीटरच्या दोन्ही भुजा सारख्या वाढल्या तर हरकत नाही, पण एकीवर झोत आणि दुसरीवर नाही असं असेल तर फेज चालत राहते. एसी चालू-बंद होण्याच्या लयीतच चित्रात रुंद, मंद पट्टे दिसले तर दोष हाच.

तपासायला टिप एका जागी थांबवा, फेज अर्धा तास नोंदवा, आणि शेजारी खोलीच्या तापमानाचा आलेख ठेवा. दोन्ही बरोबर हलताना दिसले की आणखी शोध नको. लेसर आणि इलेक्ट्रॉनिक्स चालू करून तासभर तरी जाऊ द्या, मग मोजा.

मग वेग वाढवायचा कसा

इथवर सगळं नीट निघालं आणि तरी स्कॅन फार वेळ खातोय, तर पिक्सेलचा वेळ कापू नका. मोजायच्या गोष्टी कमी करा. १०० गुणिले १०० पिक्सेल, प्रत्येकाला १० सेकंदांचा पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे एक लाख सेकंद, जवळजवळ २८ तास. इतक्यात ड्यूअर दोन-तीनदा रिकामा होतो, टिप झिजते, आर्द्रता बदलते. अशा मोजणीतला शेवटचा भाग पहिल्याशी ताडता येत नाही. त्याऐवजी आधी मोजक्या ठिकाणी पूर्ण स्पेक्ट्रम घ्या, त्यातून कामाच्या चार तरंगसंख्या निवडा आणि लेसरने चार चित्रं घ्या. बावीस मिनिटांचं एक, म्हणजे दीड तासात काम होतं.

पूर्ण स्पेक्ट्रम हवाच असेल तर विभेदन बघा. ८ प्रति सेंमीसाठी आरसा सुमारे ०.६२५ मिलिमीटर सरकवावा लागतो, १६ साठी त्याच्या निम्मा. पॉलिमरचे पीक बहुधा १० ते २० प्रति सेंमी रुंद असतात, तिथे ८ चा हट्ट धरून निम्मा वेळ वाया जातो. स्फटिकांच्या अरुंद फोनॉनला (जाळीच्या कंपनांच्या पीकना) मात्र ही सूट नाही.

आणि सगळे पिक्सेल, इंटरफेरोग्रामचे (आरसा सरकवताना नोंदलेल्या, ज्यातून स्पेक्ट्रम काढतात त्या सिग्नलचे) सगळे बिंदू मोजायची गरजही नसते. शेजारच्या पिक्सेलचे स्पेक्ट्रम एकमेकांसारखे असतात, त्यामुळे विखरून निवडलेल्या थोड्या बिंदूंवरून उरलेले गणिताने भरून काढता येतात. कॉम्प्रेस्ड सेन्सिंग नावाने हे चालतं. मला ते आवडतं ते एका कारणासाठी: वेळ वाचतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टिप आणि हवा बदलायच्या आत मोजणी संपते. फक्त एक अट. भरून काढलेल्या चित्रात एखादा अनपेक्षित ठिपका दिसला तर त्या जागी जाऊन खरा, पूर्ण स्पेक्ट्रम घ्या. गणिताने सांगितलेल्या ठिपक्यावर निष्कर्ष बांधू नका.

७. लेसर आणि फोकस. इथे हात जपून.

वरचं सगळं झाल्यावर, आणि सोन्यावरचा सिग्नल ताज्या टिपनेही जुन्या नोंदीच्या निम्म्याहून कमी असेल, तरच इकडे या.

आधी लेसर बाहेर पडतो तिथे पॉवर मीटरने पॉवर मोजा आणि जुन्या आकड्याशी ताडा. ट्यून होणाऱ्या लेसरमध्ये एका चिपवरून दुसऱ्या चिपवर जाताना पॉवर उडी मारते. स्पेक्ट्रममध्ये ठरावीक जागी पायरी दिसत असेल तर ती तिथलीच, आणि संदर्भाने भागल्यावर जायला हवी. मऊ पॉलिमरवर पॉवर वाढवून सिग्नल मिळवू नका. काही मिलिवॅटही टोकाखाली गोळा होतात आणि सॅम्पल वितळून टिपला चिकटतो.

फोकस जुळवायचा तर पॅराबोलिक आरशाच्या तिन्ही स्क्रूंचे आकडे आधी लिहा. एका वेळी एकच अक्ष, थोडासाच. बघायचा तिसरा हार्मोनिक. डीसी किंवा दुसरा हार्मोनिक बघून जुळवलं की फोकस कॅन्टिलिव्हरच्या दांड्यावर जातो, कारण तिथून प्रकाश जास्त विखुरतो, आणि स्क्रीनवरचा आकडा वाढलेला बघून समाधान होतं. प्रत्येक बदलानंतर ॲप्रोच कर्व्ह घ्या.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा घाला, अंगठी-घड्याळ काढा, किरण शोधायला उष्णतेने रंग बदलणारं कार्ड वापरा, हात नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

स्क्रूंचे आकडे मूळ जागी आणूनही सिग्नल परत येत नसेल तर. लेसरच्या मुखाशीच पॉवर जुन्या नोंदीपेक्षा बरीच पडली असेल तर. लेसरचं डोकं उघडणं हे आपलं काम नाही, कितीही हुशार असलो तरी. कूलरची किंवा इंटरलॉकची (धोका असताना लेसर आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेची) सूचना पुन्हा पुन्हा येत असेल तर. इंटरलॉकला वळसा घालून लेसर चालवण्याचा विचारही करू नका. ड्यूअरची पोकळी गेली असेल तर. ब्रॉडबँड इंटरफेरोग्रामचा मधला टोकदार भाग पूर्ण प्रवासात कुठेच सापडत नसेल तर, कारण तेव्हा भुजांची लांबी किंवा आरसा हलवणारा पिएझो बिघडलेला असतो. आणि कुठेही जळका वास आला तर ताबडतोब, मेन स्विच बंद करून.

सर्व्हिस इंजिनिअरला फोन करण्याआधी या गोष्टी एका पानावर ठेवा: सोन्यावरचे तिन्ही हार्मोनिकचे ॲप्रोच कर्व्ह, आजचा आणि चांगल्या दिवसाचा, टिपचा प्रकार आणि ती किती वापरली, टॅपिंगचा विस्तार आणि सेटपॉइंट, पिक्सेलचा वेळ, लेसरच्या मुखाशी पॉवर, डिटेक्टरचा डीसी स्तर, किरण अडवून आणि सोडून, आर्द्रता, तापमान, आणि आरशांचे स्क्रू कुणी, किती फिरवले. ही शेवटची ओळ खरी लिहा, तिच्यावर इंजिनिअरचा पहिला तास अवलंबून असतो. तो येईपर्यंत ड्यूअर रिकामा झाला तरी चालेल, पण लेसरची किल्ली काढून ज्याच्या नावावर यंत्र आहे त्याच्याकडे द्या.